अर्धा हिसका

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून पाणबुड्या आणि त्याचा दोर धरणारा हिसक्यांनी बोलतात. वरून एक हिसका आला की अर्थ, ‘ठीक आहेस ना?’ खालून एक गेला की ‘ठीक आहे.’ दोन म्हणजे दोर सैल सोड. तीन म्हणजे माझ्याकडे ये. चार म्हणजे जीव धोक्यात आहे, विचारत बसू नकोस, ओढ. एवढीच भाषा. तीत चूक झाली की माणूस गेला.

पाणबुड्याचा दोर एकोणीस वर्षं त्याच्या बायकोनं धरला. पुलांचे खांब तपासायचे असोत, बुडालेली होडी काढायची असो, ही काठावर पाय रोवून उभी. कामावरचे लोक चिडवायचे, “नवऱ्याला दोरीनं बांधून ठेवणारी बाई पहिल्यांदाच बघतोय.” ती म्हणायची, “तुमच्या बायकांनी मोकळं सोडलंय, म्हणून तर तुम्ही वेळेवर घरी पोचत नाही.”

तिची एक खोड होती. त्यानं ‘ठीक आहे’ कळवलं की ती आणखी एक हलकासा, अर्धाच हिसका द्यायची. नियमात तो नव्हता. अशानं खुणांचा घोळ होतो म्हणून साहेबांनी तिला दोनदा झापलं. तिनं मान हलवली आणि तेच चालू ठेवलं. घरी त्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, “तुम्ही ठीक आहे म्हणता, त्यावर मी ‘बरं’सुद्धा म्हणू नको?”

चार महिन्यांपूर्वी मागे येणाऱ्या एका ट्रकखाली ती गेली. दिवसाढवळ्या, घरापासून शंभर पावलांवर. ट्रक मागे घेताना हात दाखवायला जो माणूस उभा राहतो, तो त्या दिवशी आलाच नव्हता. पाणबुड्या तेव्हा घरात बसून मास्कची काच पुसत होता. बाहेर कसला गलका आहे ते बघायलाही तो लगेच उठला नाही.

त्यानंतर दोर मेहुण्याकडे आला. तिचा धाकटा भाऊ, गोदामातली नोकरी सोडून आलेला. हात पक्का, पण घाबरट. नियमांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधायचा.

मुलगी लांब दिली होती. ती रोज फोन करायची. “बाबा, आई वर उभी होती तोवर मला झोप लागायची. आता सोडा ते काम.” पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण होतं आणि सासरी म्हातारी सासू सोडून कुणी नव्हतं. त्यानं शब्द दिला होता, हातातलं काम संपलं की तुझ्याकडेच येतो.

हातातलं काम पंपघराचं होतं. जलाशयाच्या भिंतीला, तीस फूट खाली, माणूस वाकून आत जाईल एवढ्या पाइपाचं तोंड होतं आणि त्यावर लोखंडी जाळी. तिच्यात अडकलेला गाळ, फांद्या, चिंध्या काढायच्या होत्या. खाली माणूस असताना पंप बंद, आणि पंपाची किल्ली दोर धरणाऱ्याच्या खिशात. मेहुणा दर पाच मिनिटांनी खिसा चाचपून बघायचा.

पहिल्या दिवशी पाणबुड्या खाली उतरला. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसेना. कमरेला एक हिसका बसला. त्यानं एक परत दिला.

मग अर्धा हिसका आला.

तो जाळी धरून तसाच थांबला. त्याला वाटलं, मेहुण्याचा हात घसरला असेल. पण त्या दिवशी तो सात वेळा घसरला, नेमका उत्तरानंतर. दुसऱ्या दिवशीही तेच. पाणबुड्यानं वर येऊन काही विचारलं नाही. विचारलं तर बंद होईल अशी त्याला धास्ती होती. त्या रात्री तो चार महिन्यांनी पोटभर जेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच्यानं राहवेना.

“तू माझ्या उत्तरानंतर पुन्हा ओढतोस का रे?”

“नाही हो दाजी. एकदाच ओढतो. पुस्तकात तसंच आहे.”

“ताईनं शिकवलं होतं का तुला काही?”

“ताई? ताईनं मला कधी दोराला हात तरी लावू दिला का? म्हणायची, आधी बुटाची नाडी नीट बांधायला शिक.” तो हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, “का विचारता?”

“आज दोर कठड्याला बांध आणि हात वर करून लांब उभा राहा.”

“डोकं फिरलंय का तुमचं? हे नियमात...”

“दहा मिनिटं. मग हवं तर ओढ.”

मेहुण्यानं कुरकुरत तीन वेढे देऊन दोर कठड्याला बांधला. पाणबुड्यानं स्वतः ओढून बघितला, मगच तो उतरला.

खाली जाळीपाशी पोचून त्यानं वाट पाहिली. कानात फक्त स्वतःचा श्वास आणि बुडबुड्यांचा आवाज.

एक हिसका.

त्यानं हात मागे नेऊन एक परत दिला.

अर्धा.

मास्कच्या आत त्याचे डोळे भरून आले. पुसायची सोय नव्हती. ‘अगं,’ तो श्वासाची नळी दातात धरूनच म्हणाला.

मग त्याच्या लक्षात आलं की आपण उत्तर देताना हात मागे नेला होता. मेहुण्याचा दोर पोटावर बांधलेला होता आणि सरळ वर जात होता. हिसका पाठीवर बसला होता. आडवा. जाळीच्या बाजूनं.

त्यानं जाळी चाचपली. डावीकडचे दोन गज नव्हते. काल ते होते, त्यानंच साफ केले होते.

पुन्हा एक हिसका. हलक्या हातानं, घाई नसलेला.

मग तीन.

माझ्याकडे ये.

त्यानं खांदा फटीत घातला. आतलं पाणी कोमट होतं. पोटावरचा दोर ताणला गेला. तो कठड्याला बांधलेला, सैल कोण सोडणार? त्याचा हात आपसूक पोटावरच्या गाठीकडे गेला.

पुन्हा तीन. तसेच मायेचे.

गाठीचा पहिला पदर सुटला.

एकोणीस वर्षांत तिनं त्याला कितीदा तरी बोलावलं होतं. दर वेळी वर, उजेडाकडे. कुठल्या अंधारात चला म्हणून ती कधी हटून बसली नव्हती. रस्त्याखालचा भुयारी मार्गसुद्धा तिला आवडायचा नाही, त्याचा हात धरून ती भरभर चालायची. हे सगळं त्याला त्या फटीत अडकल्या जागी समजत होतं, आणि तरी बोटं गाठीवरून निघत नव्हती.

आपलं माणूस आत असेल तर?

नसेल तर?

मुलीचा आवाज आठवायचा त्यानं प्रयत्न केला. आठवला नाही. नुसतं तिचं पोट आठवलं, त्यावर ठेवलेला तिचा हात.

त्यानं सुटलेला पदर पुन्हा आवळला आणि पोटावरचा दोर चार वेळा ओढला.

कठड्यापाशी मेहुणा हात वर करून उभा होता खरा, पण नजर दोरावरच होती. तो धावला. पाणबुड्या भिंतीला घासत, ठेचकाळत वर आला. मेहुण्यानं त्याला काखेत धरून पायरीवर ओढलं.

“दोर हलला नाही हो दाजी! तुम्ही चार दिले तेव्हाच हलला. त्याआधी एकदाही नाही, आईशप्पथ!”

पाणबुड्या धापा टाकत पालथा पडला होता. मेहुण्याची बडबड एकाएकी थांबली.

“हा दुसरा कशाचा?”

वजनासाठी कमरेला बांधलेल्या शिशाच्या पट्ट्याला, पाठीमागे, एक काळा पडलेला जुना दोर बांधलेला होता. गाठ पाणबुड्यांचीच, बिनचूक. दोर पायऱ्यांवरून खाली जाऊन पाण्यात शिरला होता. तो ताणलेला होता.

“तुम्ही बांधला?”

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

“मग कापतो,” मेहुणा सुरी काढत म्हणाला.

“थांब.”

पाणबुड्यानं उठून बसत तो दोर मुठीत धरला. सकाळचं ऊन पाठीवर पडलं होतं. मेहुण्यानं त्याला घाई केली नाही. मग सुरी मागून घेऊन त्यानं स्वतःच दोर कापला.

दोर सटकन गेला नाही. हातभर आत गेला आणि थांबला. पुन्हा हातभर गेला, पुन्हा थांबला. काम आटोपलं की दोर धरणारं माणूस वेढ्यावर वेढा घालून तो गोळा करतं, तसा सावकाश, एका मापानं तो शेवटच्या टोकापर्यंत पाण्यात गेला.