पट्ट्याला शिवलेलं सगळं

डॉ. शार्दूल बेडग्यांची करंगळी व्हाइसच्या जबड्यात होती आणि साताप्पा व्हाइसचा दांडा अगदी सावकाश फिरवत होता. घाई करायचं काही कारण नव्हतं. दुपारचे अडीच वाजले होते, गॅरेजचं शटर आतून बंद होतं, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या शेडमधून कुणी ओरडलं तर लोक समजतात लेथवर काम चाललंय.

"परत सांगा," आबासाहेब खराडे खुर्चीत बसून म्हणाले. "माझ्या गाडीतल्या कुठल्या पार्टात आठवण हाय?"

"सांगितलं मी. नुसता पट्टा बदला."

आबासाहेबांनी मान हलवली. त्यांच्या ड्रायव्हरनं, साताप्पानं, दांडा आणखी पाव फेरा फिरवला. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि बेडगे गुडघ्यावर बसले. बोट अजून जबड्यातच होतं.

मालन लोहार गाडीच्या बॉनेटपाशी उभी होती. हे गॅरेज तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, दिनकरचं. दिनकर तीन महिन्यांपूर्वी मेला. आबासाहेबांना नदीच्या वाळूत दोन माणसं पुरताना त्यानं पाहिलं होतं आणि कोर्टात तसं सांगायला तो निघाला होता. सकाळी दहा वाजता पुलाच्या उतारावर त्याला एका गाडीनं उडवलं. पोलिसांनी अनोळखी वाहन आणि अपघात असं लिहून विषय संपवला. एकच धक्का, असंही लिहिलं. मालननं नवऱ्याचा देह पाहिला होता. एका धक्क्यानं माणसाचं असं होत नाही. त्या दिवसापासून तिला एवढंच हवं होतं की खरं काय झालं ते कुणीतरी कागदावर लिहावं. तिच्याच अर्जावर कोर्टानं अखेर आबासाहेबांची गाडी तपासायचा हुकूम काढला, आणि ती तपासणी परवावर आली होती.

म्हणून आबासाहेब गाडी घेऊन तिच्याकडेच आले होते. शहरात दुसरे मिस्त्री होते. पण जिचा नवरा मारला तिच्याच हातानं पुसून घ्यायचं, यात या माणसाला वेगळीच चव लागत असावी.

गाडी जुनी, डिझेलची. सरकारनं सगळ्या विजेच्या गाड्यांना दूरथांबा बसवला, तेव्हापासून नियंत्रण कक्षातला माणूस बटण दाबून कुठलीही गाडी जागच्या जागी उभी करू शकतो. ज्यांना थांबायचं नसतं ते लोक जुनी इंजिनं सांभाळून ठेवतात. गुंडांमुळे निदान मिस्त्रींचे धंदे तगले, एवढं तरी त्यांच्या नावावर लिहायला हवं.

"डॉक्टर, सांगून टाका," मालन शांतपणे म्हणाली. "हात ऱ्हायला पायजे तुमचा."

बेडग्यांनी डोळे मिटून घेतले. ताणवाचक हे यंत्र त्यांनीच बनवलेलं, आणि परवा कोर्टासाठी ते चालवणारही तेच होते. टॉर्चएवढं, हातात धरून धातूपासून वीतभर अंतरावर फिरवायचं. धातूचे कण प्रत्येक ओढीबरोबर तसूभर सरकतात आणि तसेच राहतात. वाचक ते सरकणं ओळीनं वाचतो, आणि एकसारखी ओढ सापडली की टिकटिकतो.

"धक्का तर गाडीचा प्रत्येक भाग लक्षात ठेवतो," बेडगे म्हणाले. "पण धक्का बसला एवढंच. कधी बसला ते नाही. आठवणीला घड्याळ लागतं. ज्या भागावर सतत एकसारखी, मोजता येईल अशी ओढ असते, त्याच भागात घड्याळ असतं. मग मागे मोजत जायचं, इतक्या फेऱ्यांपूर्वी धक्का बसला. तारीख निघते, वेळही निघते."

"आणि पिस्टन? क्रँक?" मालननं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं, पण आबासाहेबांना ऐकू जायला हवं होतं.

"त्यांच्यात मिनिटाला हजार स्फोट. सगळं पुसट होतं. स्वच्छ आठवण फक्त टायमिंगच्या पट्ट्याच्या फेऱ्यात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवतो तो."

"म्हंजे पट्टा, त्याला ताणून धरणारा टेन्शनर, मधली पुली, पाण्याचा पंप, कॅमची चाकी," मालननं बोटांवर मोजलं. "आबासाहेब, आमच्यात एरवीबी हेच सांगत्यात. पट्ट्याला जे जे शिवतंय ते सगळं एकदमच बदलायचं. नवा पट्टा आणि जुना पंप ठेवला की पंप जाम धरतोय आणि पट्ट्याला घेऊन जातोय. इंजिन दोनदा उघडायचं नसतं."

"मग गाडीच का न्हाई जाळत आबा?" साताप्पा म्हणाला.

"गाडीचा नंबर कोर्टात लिवलाय, येड्या. गाडी गेली तर मीच केलं म्हणतील. पट्टा काय, कुणीबी बदलतंय." आबासाहेबांनी सदऱ्याची वरची बटणं सोडली. शेडमध्ये उकाडा होता. "काढा सगळे पार्ट. कोपऱ्यातल्या भट्टीत वितळवायचे, माझ्यासमोर. ज्यात आठवण हाय ते ऱ्हाता कामा नये. साताप्पा, ध्यानात ठेव, चाक तुझ्या हातात हुतं. एक पार्ट जरी ऱ्हायला तरी फास तुझ्या गळ्याला हाय."

साताप्पाच्या कमरेला पिस्तूल होतं. तरी हे ऐकताना त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला.

मालननं काम सुरू केलं. झाकण, पुली, मग पट्टा. टेन्शनर हातात आल्यावर तिनं बेडग्यांकडे पाहिलं. त्यांनी न मोडलेल्या हातानं वाचक फिरवला आणि पडद्यावरची रेघ दोघांनी पाहिली. तीन महिन्यांपूर्वी, सकाळी दहा वाजून चार मिनिटं. एक धक्का. गाडी मागे घेतल्याची उलटी ओढ. दुसरा धक्का. परत मागे. तिसरा.

तीन. तिला हवं होतं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं आणि पाच मिनिटांत ते भट्टीत जाणार होतं. तिला इतका संताप आला की हातातला टेन्शनर तिनं आबासाहेबांच्या डोक्यात घातला असता. साताप्पाचा हात पिस्तुलावर होता म्हणून घातला नाही.

सुटे भाग एकेक करून मुशीत पडले. पंप आधी वाकला, मग बसला, मग लाल पाणी झाला. रबराचा पट्टा जळताना डोळे चुरचुरले. मालननं नवे भाग चढवले. नव्या टेन्शनरचा नट तिनं हातानंच फिरवून सोडून दिला, पान्यानं आवळला नाही. तीस वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं, आणि केल्यावर तिला लाजही वाटली नाही.

"झालं," ती म्हणाली. "आमच्यात जुने पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची रीत हाय. सगळे बदलले का न्हाई ते गिऱ्हाइकानं बघून घ्यायचं. तुमचे तर वितळले. मग डॉक्टरांनी एकदा वाचक फिरवून दावावा. काय ऱ्हायलं असंल तर आत्ताच कळंल."

आबासाहेबांना ते पटलं. "फिरवा. गाडीवर, जमिनीवर, आमच्या अंगावरबी. कुटं कण चिकटला असंल तर."

बेडग्यांनी गाडीवरून वाचक नेला. शांत. भट्टीवरून, शांत. साताप्पाच्या कपड्यांवरून, शांत. मग ते आबासाहेबांपाशी आले आणि यंत्र टिकटिकू लागलं. छातीपाशी, संथ, एकसारखं. आबासाहेब श्वास घेत, टिक. सोडत, टिक.

उघड्या सदऱ्यातून गळ्यापासून खाली गेलेला बायपासचा व्रण दिसत होता. मालननं तो दोन तासांपूर्वीच पाहिला होता, आणि वाचक फिरवायची गोष्ट तिनं त्यासाठीच काढली होती.

बेडग्यांनी वाचक पुन्हा एकदा छातीवरून नेला. "बायपासनंतर छातीचं हाड पोलादी तारेनं शिवतात," ते म्हणाले. "प्रत्येक श्वासाला ती तार ओढली जाते. मोजता येईल अशी, एकसारखी ओढ. म्हणजे घड्याळ आहे." त्यांनी पडदा वळवला. "तीन धक्के. सीटबेल्ट छातीवर आवळला गेला तेव्हाचे. दहा वाजून चार मिनिटं."

"म्हणजे अजून एक पार्ट ऱ्हायलाय," मालन म्हणाली.

आबासाहेब आधी दचकले. मग, छातीतला पार्ट कोण काढणार म्हणून, त्यांना हसू यायला लागलं.

"डॉक्टर," मालननं विचारलं, "जित्या माणसाच्या छातीतली तार कोर्टाला काढून घेता येती का?"

"नाही. त्याच्या मर्जीशिवाय कुणालाच नाही. त्यानं स्वतःहून दिली तरच."

"ऐकलंस साताप्पा?" आबासाहेब छातीवर हात फिरवत म्हणाले. "माझी मर्जी. आता तुझी काळजीच मिटली बघ. मला तर आवडलं हे. उद्या तू माझ्यावर भुंकलास तर? तुझा फास मी छातीत सांभाळून ठेवतो. मी काय, शेजारी बसलेला म्हातारा. भ्यालेला. माझं कुणी ऐकलं न्हाई म्हणून सांगीन."

"आबा, तुमीच म्हणला हुता," साताप्पाचा आवाज फुटला. "ज्यात आठवण हाय ते ऱ्हाता कामा नये."

"ते गाडीचं सांगत हुतो, गाढवा."

साताप्पानं त्यांच्या डोक्यात गोळी घातली. पहिली गोळी कानाजवळून गेली आणि जबडा घेऊन गेली, म्हणून दुसरी घालावी लागली. आबासाहेब खुर्चीसकट मागे पडले. बेडगे भिंतीला चिकटले. साताप्पा रडत होता. रडता रडता त्यानं बाकावरचा ग्राइंडर उचलला, आबासाहेबांच्या छातीवर गुडघा रोवला आणि सदरा फाडला. तो वेडा झाला होता असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे तो अत्यंत शिस्तीनं मालकाचा शेवटचा हुकूम पाळत होता.

ग्राइंडरची चकती कातडीला लागली, रक्ताचा फवारा मालनच्या साडीवर आला, आणि त्याच वेळी तिनं भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला.

शटर बंद असल्यानं शेडमध्ये एकदम काळोख झाला. विजेवरची भट्टी निवत गेली. चकती गरगरत थांबली. साताप्पानं अंदाजानं दोन गोळ्या झाडल्या. एक बेडग्यांच्या खांद्यातून आरपार गेली आणि ते खाली कोसळले. मालन गाडीच्या चाकामागे पालथी पडून राहिली. आतापर्यंत शेजारच्या फाउंड्रीतली माणसं शटर बडवायला लागली होती. एवढ्या गोळ्यांना लेथचा आवाज म्हणणं त्यांनाही जमेना.

साताप्पा गाडीत चढला. शटर फोडूनच निघायचा त्याचा विचार असावा. गाडी एका दमात सुरू झाली. मालननं मनात मोजलं, एक, दोन, तीन. टेन्शनर सुटला, पट्ट्यानं दात सोडले, पिस्टन वर आले ते उघड्या व्हॉल्व्हवर आदळले. आत कुणी घण मारतंय असा आवाज आला आणि इंजिन कायमचं गप्प झालं. लोकांनी बाहेरून पहारी घालून शटर उचकटलं. साताप्पाला त्यांनी गाडीतून ओढून काढलं आणि पोलीस येईपर्यंत त्याचे दोन्ही हात आणि बरेचसे दात मोडले. मालननं कुणाला थांबवलं नाही. तिला थांबवावंसं वाटलंही नाही.

एक गोष्ट साताप्पाच्या लक्षात आली नव्हती. जित्या माणसाची छाती त्याच्या मर्जीशिवाय उघडता येत नाही. खून झालेल्याचं शवविच्छेदन मात्र कुणाला विचारून करत नाहीत. आबासाहेबांच्या छातीतल्या सहा तारा पाकिटात घालून, सील लावून कोर्टात आल्या. एकीवर ग्राइंडरचा ओरखडा होता.

डॉ. बेडग्यांनी वाकड्या करंगळीच्या हातानं त्या तारांवर वाचक फिरवला आणि न्यायाधीशांना सगळं सांगितलं. कारकून लिहीत होता. तीन धक्के, असं त्यानं लिहिलं. मालननं ते शब्द उमटताना पाहिले. आता तिला घरी जायला हरकत नव्हती.

"धक्क्यांमध्ये अंतर किती?" न्यायाधीशांनी विचारलं.

"या तारेचं घड्याळ श्वासाचं आहे, म्हणून श्वासात सांगतो. पहिल्या आणि दुसऱ्या धक्क्यात खराड्यांचे अकरा श्वास. दुसऱ्या आणि तिसऱ्यात सात."

"कसे श्वास?" मालननं बाकावरूनच विचारलं. तिला बोलायची परवानगी नव्हती, पण कुणी तिला गप्प केलं नाही.

बेडग्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना ते सांगायचं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"शांत," ते म्हणाले. "जेवून ओसरीवर टेकलेल्या माणसाचे असतात तसे. एकही चुकलेला नाही."

मालन उठून बाहेर आली आणि कोर्टाच्या पायरीवर बसली. बसल्या बसल्या ती स्वतःचे श्वास मोजू लागली. अकरापर्यंत पोचायला फार वेळ लागला.