मॅनेजरची शिट्टी

“सापडली एकदाची चोरटी!” बेटावरच्या रिसॉर्टच्या मॅनेजरने पिंजऱ्यावर बूट आपटला. आत घोरपड अंग चोरून पडली होती. “संध्याकाळच्या लाँचने हिची रवानगी! बेटावर एकही घोरपड ठेवणार नाही.”

“पण तिनं केलंय काय?” लंबूने विचारलं.

“मग किनाऱ्यावरच्या वाळूतली कुररी पक्ष्यांची अंडी कोण खातंय? मी?”

लंबूच्या मामेबहिणीने, ढापणीने, चष्मा सावरत मॅनेजरला आपादमस्तक न्याहाळलं. टोपीवर पक्षी, शर्टावर पक्षी, गळ्यात शिट्टी. खरा पक्षी मात्र याला ताटाबाहेर ओळखता आला नसता!

वाळूतली टरफलं तिने सकाळीच तपासली होती. घोरपड अंडं अख्खं गिळते. या टरफलांना तर चोचीने पाडलेली भोकं होती.

“आत्या, हे कावळ्यांचं काम आहे.”

आत्या बेटाची रक्षक होती. “मलाही तसंच वाटतं गं. पण कुररी घरट्यावर बसलेला असताना कावळ्याची काय बिशाद! आणि पुराव्याशिवाय हे महाशय ऐकायचे नाहीत.”

बसलेला असताना! ढापणी थबकली. मॅनेजर पाहुण्यांना वाळूवर न्यायचा आणि शिट्टी फुंकायचा. सगळे कुररी भर्रकन उडायचे, पाहुणे फोटो काढायचे. आणि अंडी उघडी पडायची!

“लंबू, धक्क्यावर चल!”

धक्का घरट्यांपासून लांब, बेटाच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे पाहुणे लाँचची वाट पाहत होते आणि पिंजऱ्याशेजारी मॅनेजर छाती काढून उभा होता.

“काका, शिट्टी वाजवताना तुमचा एक फोटो काढू?” ढापणीने साखर पेरली.

“एक कशाला, चार काढ!” त्याने गाल फुगवले.

शिट्टी घुमली. झाडांतून एक कावळा आला. मागोमाग आणखी दोन, मग थवाच! कठड्यावर, पिंजऱ्यावर, थेट मॅनेजरच्या टोपीवर बसून ते माना तिरक्या करत खालच्या वाळूत अंडी शोधू लागले.

“बघा!” ढापणी ओरडली. “शिट्टी वाजली की पान वाढलं, हे यांना पाठ झालंय! यांना अंडी तुम्हीच खायला घालताय!”

“छे! यो... योगायोग!”

“मग पुन्हा वाजवा की!” लंबू म्हणाला.

पाहुणे खदखदून हसले. मॅनेजरने शिट्टी ओठांजवळ नेताच सगळे कावळे त्याच्याकडे वळले. त्याचा हात आपोआप खाली आला.

आत्याने हात पुढे केला. त्याने मुकाट्याने शिट्टी दिली.

“शाबास, पोरांनो! टरफलं मीही पाहिली, शिट्टी रोज ऐकली. पण दोन्हींची सांगड तुम्ही घातलीत!” म्हणत आत्याने पिंजरा उघडला.

घोरपड बाहेर आली. मॅनेजरच्या चकचकीत बुटांवरून पोट घासत, त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता, ती झुडपांत निघून गेली.

ढापणीला तिची ही रीत फार पटली.