रिकाम्या मेमरीतलं पान

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. आमच्याच घरात, मधल्या खोलीत, गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी, भरदुपारी घडलंय हे. माझ्या ताईसोबत. मी मेली शाळेत होते, हुकलं!

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तर नक्की वाचा.

ताईची नोकरी नवीन होती. काम घरूनच. हजारो फाइलींमधून हवा तो शब्द शोधणारा प्रोग्राम तिची टीम बनवत होती. फाइल तुकड्या-तुकड्याने वाचायची की सबंध एकदम मेमरीत घ्यायची, कशाने लवकर होतं, ते मोजायचं काम ताईकडे. मोजायला पुस्तकांचा ढीग हवा, म्हणून तिने बंद पडलेल्या छापखान्याची जुनी हार्ड डिस्क स्वस्तात उचलली होती.

पण आकडे दर वेळी वेगळेच.

सकाळीच टीमलीडने फोनवर सुनावलं, "अगं, मोजतेस की अंदाजपंचे ठोकतेस? संध्याकाळपर्यंत आकडे जुळले नाहीत, तर दुसरीकडे काम बघ."

आता गंमत ऐका. एकदा वाचलेलं कॉम्प्युटर मेमरीत धरून ठेवतो, मग दुसऱ्यांदा ते पटकन मिळतं. म्हणून प्रत्येक मोजणीआधी मेमरी रिकामी करायची.

ताईने केली. हात मागे घेतले.

टक्...

डिस्क वाजली. तिने तर अजून काहीच सुरू केलं नव्हतं!

शांतता...

टक्...

"आई, तू काही केलंस का गं?"

"मी इथं गिऱ्हाइकाच्या पँटची चेन बदलतेय," बाहेरच्या खोलीतून आई करवादली. "तुझ्या डबड्याला मी कशाला हात लावू?"

ताईने इंटरनेटची वायर उपटली. बाकीचे प्रोग्राम बंद केले. मेमरी पुन्हा रिकामी केली आणि आत काय उरलंय ते पाहिलं.

एक पान.

एका कादंबरीचं, नुकतंच कुणीतरी वाचलेलं एक पान.

पुन्हा रिकामी केली.

टक्...

आता त्याच्या पुढचं पान होतं.

एखादा माणूस सावकाश वाचायला जेवढा वेळ घेईल, तेवढ्या वेळाने आणखी पुढचं...

ताई खुर्ची मागे सारून उठलीच. पण नोकरीचं काय? मध्येच कुणी वाचत असेल तर आकडे जुळणार कसे? तिने कादंबरी पेन ड्राइव्हवर घेतली आणि डिस्कवरून उडवली.

आवाज थांबला.

"हुश्श..."

आणि मग...

टकटकटकटकटक!

टेबलावरचा पेला थरथरायला लागला. एकेक फाइल मेमरीत येत होती. प्रत्येकीचं फक्त पहिलं पान. उघडली... नाही. दुसरी उघडली... नाही.

कुणीतरी शोधत होतं.

छापखान्याची पुस्तकं संपली. मग कॉम्प्युटरमधलं आमचं सामान सुरू झालं. ताईचा बायोडेटा. आईच्या गिऱ्हाइकांची मापं. माझे शाळेचे निबंध.

तिथं आवाज मंदावला.

टक्...

शांतता...

माझ्या एका निबंधाचं दुसरं पान.

नोकरी गेली खड्ड्यात! ताईने कादंबरी होती तिथं परत ठेवली.

बराच वेळ काहीच नाही...

टक्.

जिथं राहिलं होतं, त्याच्या पुढचं पान.

संध्याकाळी टीमलीडचा फोन आलाच.

"डिस्क खराब आहे का?"

"नाही सर," ताई म्हणाली. "वापरात आहे."

"कोण वापरतंय?"

ताईने फोन ठेवून दिला. नोकरी गेली. घरात कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही.

डिस्क आम्ही बंद करत नाही. बंद केली तर काय होईल, हे बघायची हिंमत आहे कुणात?

परवा ती कादंबरी संपली. ताईने आधीच डिस्कवर शेजारी तीन जाडजूड पुस्तकं घालून ठेवली होती. एकाचंही पान हललेलं नाही.

घरात दुसरा कॉम्प्युटर नाही, म्हणून हे मी त्याच्यावरच टाइप करतेय. दुसऱ्या पानावर आलेय.

लिहायला बसले, तेव्हा डिस्क गप्प होती...