राखणीतला चोर

"हवालदार, चोर घरातच हाय. तुमी फकस्त तोंडानं म्हणा, आज दिवस मावळायच्या आत तिला ओझरला माहेरी पोचवते."

लंकाबाईनं दारातूनच फिर्याद दिली. मागं तिची सून स्नेहल उभी होती, हातात कपड्यांची पिशवी.

कोंडाजी निवृत्त हवालदार. उभ्या देवळाली कॅम्पात त्यांच्या हातून एकच चोर निसटला, असं ते सांगत. तोही पुढे सासरा म्हणून परत मिळाला.

"गेलं काय?"

"पैसं. भाजी विकून डोळ्याच्या आपरेशनाला साठवलेलं. बँकेतून झिरपतंय."

"कार्ड कुणाकडं असतं?"

"माझ्या कमरेला. झोपतानाबी." तिनं चंचीतून हिरवं कार्ड काढलं.

"आणि पिन?"

"हिलाच ठावं. मला बटनं कुठं दिसत्यात?"

"पैसे काढता कधी?"

"काढायचं कशाला? नुस्तं बघायचं. रोज सकाळी मारुतीचं दर्शन, मग शेजारच्या लाल मशीनमधी पैशाचं. ही वाचून दाखवती. काही दिस बरं चाललं, मग रोज थोडं कमीच."

"म्हणून सूनबाई चोर?"

"ही आठ दिस माहेरी जाऊन आली, तवा मशीनमधी आकडा जाताना व्हता तेवढाच, छदामबी हलला नाय. दुसऱ्या दिसापासनं पुन्हा गळती. आता बोला."

पुरावा इतका चोख, की कोंडाजींनीही मान डोलावली. मग त्यांनी स्नेहलकडं पाहिलं.

"तू नव्हतीस तेव्हा आकडा कोण वाचायचं?"

"कुणीच नाही. परक्याला पिन सांगायचा नाही म्हणून आई मशीनकडं फिरकल्याच नाहीत."

कोंडाजींनी मिशीवरून हात फिरवला. "चला. चोराच्या घरी जाऊ."

बँकेच्या दारावर फलक होता. हसरी आजी, खाली ठळक अक्षरं: 'आयुष्यभर मोफत खाते.' कोपऱ्यात 'अटी लागू'ची मुंगीएवढी चांदणी.

शाखाधिकारी विश्वेश साहेबांनी तिघांना खुर्च्या दिल्या.

"साहेब, चुकलो तर थांबवा," कोंडाजी म्हणाले. "बाईंचं हिरवं कार्ड तुमचं. देवळाजवळचं लाल मशीन दुसऱ्या बँकेचं. परक्या मशीनमध्ये महिन्यात मोजक्या वेळाच बघणं फुकट, पुढं प्रत्येक नजरेला पैसे. माझ्या पेन्शनलाही हा चटका बसलाय. सून माहेरी गेली, नजर थांबली, गळती थांबली. राखणीला म्हणून बाई जायच्या, आणि चोराला रोज दार उघडून द्यायच्या. तो चोर तुमच्या खुर्चीमागं बसलाय."

"आम्ही त्याला शुल्क म्हणतो," विश्वेश साहेब मऊ आवाजात म्हणाले. "शिल्लक कमी झाली की वेगळा दंड. सगळं लिहिलंय, त्या चांदणीच्या खाली."

"मला आख्खा फलकच धुकट दिसतोय, साहेब," लंकाबाई म्हणाली. "परत द्या की माझं."

"तशी तरतूद नाही, मावशी."

"मग खातं बंद करा."

"वर्षाच्या आत बंद केलं, तर त्याचंही शुल्क आहे."

कोंडाजींचा हात सवयीनं कमरेला गेला. बेड्यांच्या जागी आता चष्म्याचं घर होतं.

बाहेर आल्यावर लंकाबाईनं सुनेच्या हातातली पिशवी ओढून घेतली. "दे हिकडं. जड असंल." थोडं चालून म्हणाली, "आपरेशन ढकलू पुढं. तोवर तूच माझं डोळं."

स्नेहल आता कुठं रडली.

वाटेत लाल मशीन लागलं. लंकाबाई थबकली, चपला काढल्या आणि रस्त्यावरूनच हात जोडले.

"आत जात नाय. नुस्तं हात जोडते. त्याचं तर काय लागत नाय ना, हवालदार?"

कोंडाजींना छातीठोक सांगता येईना.