मण्याला सांगितलेली कहाणी

"अंघोळीला तेवढा काढून ठेवा, मॅडम. बाकी चोवीस तास कानामागे असू द्या."

मणी बसवून देणाऱ्या इंजिनिअर अवधूत सान्यांचं हे बोलणं हेमांगीला रोज न्हाणीघरातून बाहेर येताना आठवे. मग ती ओले केस बाजूला सारून मोहरीएवढा मणी पुन्हा उजव्या कानामागे चिकटवी.

मिरजेत आता असे मणी लावणारे बरेच जण झाले होते. सतारी घडवणारे, नाटकवाले, एक-दोन आचारीसुद्धा. स्फुरणमणी म्हणत त्याला. माणसाला काही सुचतं, त्याच्या क्षणभर आधी मेंदूत उजव्या कानाच्या वरच्या अंगाला एक बारीक लहर उठते. त्या माणसाला तेव्हा अजून पत्ताही नसतो. मणी ती लहर पकडे आणि तिच्या आधीच्या काही मिनिटांतले आवाज नि वास जपून ठेवी. सुचतं कुठून, हे कळावं म्हणून.

हेमांगीला ते कळण्याची फार गरज होती. लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं ती काढत असे. पुण्याच्या प्रकाशकांकडे बाकी सगळी चित्रं यंत्रच काढत होतं. वर्षाला एक पुस्तक तेवढं त्यांनी हातच्या चित्रांसाठी राखलं होतं, आणि ते हिच्याकडे होतं. यंदाचं पुस्तक मात्र दोन-तीन चित्रांवरच अडलं होतं. ते जमलं नाही, तर पुढच्या वर्षापासून तेही पुस्तक यंत्राकडे जाणार होतं. म्हणून ती चित्रांची प्रदर्शनं पाहून आली, पहाटे कृष्णेच्या घाटावर बसली, दर्ग्यातलं गाणं ऐकून आली.

पंधरा दिवसांनी, मण्यातल्या नोंदी तपासून, सान्यांचा फोन आला.

"मॅडम, प्रदर्शनं, घाट, गाणं, सगळं सपाट! लहरी उठल्यात त्या एकाच जागी. कापराचा वास आहे, आणि कोणी बाई गोष्ट सांगतायत."

हेमांगी खुर्चीत बसलीच. "अहो, त्या आमच्या जाऊबाई!"

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शैलाताईंचा श्रावणातला नेम होता. पूजा झाली की त्या दिवसाच्या वाराची कहाणी कोणाला तरी सांगायची, आणि मगच जेवायचं. सांगणारीच्या हातात अक्षता, ऐकणारीच्या हातात अक्षता. घरात दुसरं कोणी नसे, म्हणून हेमांगी खाली जाई. डोक्यात अडलेलं चित्र घोळत असे, तोंडाने "हुं" चालू असे. "तुझं काम खोळंबलं गं माझ्यापायी," असं शैलाताई रोज म्हणत, आणि खरं सांगायचं तर हेमांगीलाही तसंच वाटे.

झरा तिथे होता तर! मग तो वर, टेबलापाशीच आणला तर? हेमांगीने सान्यांकडून आणखी एक मणी मागवला, नुसता ऐकणारा, आणि तो शैलाताईंच्या देवघरात पाटावर नेऊन ठेवला.

"ताई, आता तुम्हाला माझी वाट बघायला नको. तुमचं आवरलं की ह्याला सांगा. मी वर काम करता करता पाहिजे तितक्या वेळा ऐकेन."

शैलाताईंनी मण्याकडे वाकून पाहिलं. "ह्याला कान कुठे आहेत गं?"

"सगळा कानच आहे तो."

"बरं बाई. तुझं काम होत असेल तर." त्यांनी त्याच्यासमोरही चार अक्षता ठेवल्या. "धर रे बाबा."

आठवडा गेला. हेमांगीने कहाण्या पुन्हा पुन्हा ऐकल्या. काही म्हणता काही सुचेना. शेवटी तिने सान्यांना गाठलं.

"मीही तेच बघतोय," ते म्हणाले. "आवाज तोच, लहर मात्र नाही. मॅडम, जुन्या कहाण्यांत एक आवाज जास्तीचा आहे. तुमचा. तुम्ही 'हुं' म्हणता, तिथे जाऊबाई थांबतात आणि काहीतरी नवीनच घालतात. राजाच्या धाकट्या सुनेचे गुडघे दुखायला लागतात. मुदपाकखान्यात कुकरची शिट्टी होते. तुम्ही हसता, आणि लहर उठते. मण्याला मात्र जाऊबाई पोथीतलं जसंच्या तसं सांगतात."

हेमांगी तडक खाली गेली. शैलाताई स्वयंपाकघरात केळं सोलत होत्या. ओट्यावर दुसरं काहीच नव्हतं.

"हे काय, ताई? जेवण?"

"फळं खाल्लीत. होतं तेवढ्यावर."

"आजच?"

शैलाताईंनी केळ्याची साल नीट घडी घालून ताटलीत ठेवली. "मण्याला सांगितलेली कहाणी पोचते का गं, हेमा? विचार की तुझ्या त्या इंजिनिअरला. मला काही ठरवता येईना. कोणी ऐकलं असेल तर जेवायचं, असा नेम. तो हुं नाही, चूं नाही. म्हणून म्हटलं, श्रावणभर फळांवर राहावं."

"म्हणजे आठवडाभर तुम्ही... मला हाक नाही मारायची?"

"तुझं पुस्तक अडलंय ना! आणि तू मण्यावर इतकी खूश होतीस." मग त्या हळूच हसल्या. "शिवाय तो तुझ्यासारखा जांभया देत नाही, हेही आहेच."

हेमांगीला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने पाटावरचा मणी उचलून मुठीत घेतला. "उद्यापासून मी येते. ऐकेपर्यंत माझंही जेवण नाही. शब्द देते."

"उद्या तुला पुण्याला प्रकाशकांकडे जायचंय."

"बघते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रकाशकांना फोन केला. बैठक संध्याकाळी ठेवता येईल का, असं विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, दुपारी यंत्राची चित्रं पाहायची आहेत. ती आवडली तर मग तुमची गरज पडेल असं नाही. हेमांगी म्हणाली, चालेल.

तिने हातपाय धुतले आणि डब्यातून मूठभर तांदूळ काढून त्यांना कुंकू लावलं. आजवर ती नकळत ऐकत आली होती, मन भलतीकडे ठेवून. आता सगळं ठाऊक झाल्यावर, झऱ्यावर डोळा ठेवून बसलं, तर तो वाहील का? आणि नाही वाहिला, तर त्या कहाणीला आपण काय कमी 'हुं' म्हणणार आहोत?

खालून घंटेचा आवाज आला. अक्षता सांडू नयेत म्हणून मूठ जपत, अनवाणीच, ती जिना उतरू लागली.