विषाक्तता : शून्य

"नैतामभाऊ, अहो, बोट जळलंय तुमचं!" डॉ. इंद्रायणी बोरवणकर जवळजवळ ओरडल्याच.

रामजी नैतामांनी काळ्या पडलेल्या करंगळीकडे दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहावं तसं पाहिलं. "हाव जी. वास आला तेव्हा समजलं."

वर्षभरापूर्वी इंद्रायणींनी चंद्रपूरच्या काचभट्टीतल्या चाळीस कामगारांच्या हातांत 'निर्वेदक' हे आपलं नवं औषध चाचणीसाठी टोचलं होतं. वेदना मेंदूकडे धावते ती मज्जातंतूंवरच्या सूक्ष्म दारांमधून. दात काढताना देतात ते भुलीचं औषध ही दारं तास-दोन तास लावून घेतं. प्रमाण चुकलं, तर रक्तातून जाऊन हृदयाचीही दारं लावतं आणि माणूस दगावतो. म्हणून अशा रसायनाच्या परीक्षा दोनच. किती थोडं पुरतं, आणि किती झालं की मारतं. इंद्रायणींनी अठरा वर्षांत तीनशे रसायनं तपासली. सगळी एकीत नाहीतर दुसरीत नापास. निर्वेदक मात्र फक्त वेदनेचंच दार ओळखायचं. स्पर्श शाबूत, हृदय सुरक्षित. उतारा टोचेपर्यंत दार बंद.

"आज उतारा घ्याच," त्या म्हणाल्या.

रामजींनी हात मागे घेतला. "नका जी. दुखलं की हात थांबते. थांबला की मालक घरी पाठवते."

इंद्रायणींनी अहवालात सव्वीस भाजलेले हात लिहिले. औषधाला मंजुरी देणाऱ्या समितीनं ते पान परत पाठवलं : इजा भट्टीमुळे, औषधामुळे नव्हे. एकही पेशी औषधानं मेलेली नव्हती. विषाक्तता शून्य. त्या भांडल्या, आणि मग त्यांनी त्या पानाशिवायच्या अहवालावर सही केली.

सहा महिन्यांनी रामजी पुन्हा आले. आता त्यांना दोन बोटं कमी होती. सोबत त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी, सुमन.

"हिला टोचा मॅडम. त्याबिगर भट्टीवर घेत नाही कोणालाच."

"मी नाही टोचणार!"

"टोचते तर बाजूच्या खोलीतली सिस्टर," रामजी ओशाळून म्हणाले. "लाईन मोठी आहे जी. तुमची ओळख आहे, म्हणून आलो."

बापलेक रांगेत जाऊन उभे राहिले. दुपारी सुमनचा नंबर लागला. नियमाप्रमाणे सिस्टरनं औषधाआधी, दुखतं का ते पाहायला, तिच्या तळहाताला नुसती सुई टोचली.

"आई गं!" सुमन कळवळली.

रामजी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले. मग हळूच विचारलं, "लय दुखते का गं?"