नुपूरच्या नावावरचा फोन

तिसऱ्या घराचाही नकार आला तेव्हा विभाने फोन टेबलावर आपटलाच. जपानमधल्या निशी-कसाईत ती सहा वर्षं आपल्या लोकांना भाड्याची घरं मिळवून देत होती; पण असं शुक्लकाष्ठ मागे लागलेली बाई तिने पाहिली नव्हती.

ती बाई, नुपूर, समोरच बसली होती. नवऱ्याच्या मारझोडीला विटलेली. अनुप कामासाठी नागोयाला होता, शनिवारी परतणार होता. त्याआधी सात वर्षांच्या लेकीला घेऊन तिला कावासाकीच्या घरातून निसटायचं होतं. आज गुरुवार.

विभाने कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा अहवाल पुढे सरकवला. “एप्रिलमध्ये तुझ्या नावावर हप्त्याने फोन घेतलाय. एकही हप्ता भरलेला नाही. म्हणून कुठलीच कंपनी तुझ्या भाड्याची हमी घेत नाही.”

“शक्यच नाही! मार्चमध्ये पाकीट हरवलं तेव्हाच मी नोंदीला कुलूप लावलं होतं. मला विचारल्याशिवाय माझ्या नावावर उधारी देऊ नका, असा अर्ज केला होता.”

“पाकीट मिळालं?”

“दुसऱ्याच दिवशी, स्टेशनवर. सगळं जागच्या जागी.”

“पाकिटातल्या रेसिडेन्स कार्डावर तेव्हा पत्ता कुठला?”

“कावासाकीचा. फेब्रुवारीतच बदलून घेतला होता.”

“फोन मात्र इथल्या जुन्या पत्त्यावर मागवलाय. तिथली टपालपेटी कोण उघडतं?”

“जयंतीकाकू. त्याच इमारतीत राहतात. आमचा फ्लॅट अजून रिकामा आहे, म्हणून पेटीच्या कुलपाचे आकडे त्यांना दिलेत. पण हे अनुपचंच काम!”

“तू घर सोडणार हे त्याला ठाऊक आहे?”

“ठाऊक असतं तर मी अशी धड बसले असते?”

“मग कुणाला ठाऊक आहे?”

“फक्त काकूंना. मार्चपासून.”

विभा उठली. “चल.”

साठीच्या जयंतीकाकू परिसरातल्या निम्म्या मराठी बायकांची जपानी पत्रं वाचून देत. त्यांनी हसून दार उघडलं, चहा टाकला. विभाने कपाला हात लावला नाही.

“नुपूर, नोंदीला कुलूप लावायचा तो अर्ज भरला कुणी?”

“काकूंनी. पोस्टातही त्यांनीच टाकला.”

“टाकलाच नाही. अहवालात त्याची नोंदच नाही. पाकीट सापडलेल्या माणसाने फोन रिकाम्या फ्लॅटवर मागवला नसता. त्याला तो मिळाला कसा असता? इथे कुरिअर पार्सल खालच्या लॉकरमध्ये ठेवतो आणि त्याचा नंबर टपालपेटीत टाकतो. ती पेटी तुम्ही उघडता, काकू. जुना पत्ता असलेल्या कार्डाचा फोटोही अर्जांसाठी हिने तुम्हालाच पाठवला होता. पण मी अडले ती एका गोष्टीवर. चोर असता तर हाताला लागेल ते उचललं असतं. याने एकच फोन घेतला आणि पहिल्या हप्त्यापासून बुडवला. याला फोन नकोच होता. हिचं नाव खराब करायचं होतं, म्हणजे हिला घर मिळणार नाही. हिला घर हवंय हे अनुपला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं.”

काकूंनी शांतपणे खण उघडला. फोन खोक्यातच होता, सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं. त्याखाली नुपूरच्या सहीचा अर्ज.

“काकू, का?” नुपूरने तो अर्ज उचलला. “मी तुम्हाला आईच्या जागी मानलं.”

“एकतीस वर्षं मी मार खाल्ला,” काकू म्हणाल्या. “माझ्या आईने मला दारातून परत पाठवलं होतं. तू मात्र मार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत बॅग भरणार आणि मी तुझे फॉर्म भरून द्यायचे? बघवेना मला.”

विभाला त्यांची दया आली आणि त्या दयेचा भयंकर रागही आला. “पोलिसांत जाऊ आम्ही. आज ना उद्या ही नोंद पुसली जाईल.”

“जा की. महिने लागतील.” काकूंनी खण लोटला. “अनुपला मी सकाळीच कळवलं. शिंकान्सेन बुलेट ट्रेनमध्ये बसलाय तो. आधी लेकीच्या शाळेत जाणार आहे.”

नुपूरने घड्याळ पाहिलं. शाळा सुटायला वीस मिनिटं होती, आणि कावासाकी इथून पाऊण तासावर.